पसंतीची मोजणी

आपण केलेल्या गोष्टीकडे दुसऱ्याने पाहावे आणि ती बरी झाली असे म्हणावे, ही इच्छा मनुष्याच्या ठायी फार जुनी आहे. लहान मूल पहिले पाऊल टाकते आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहते. शेतकरी बांधीतील उभे धान पाहुण्यास हौसेने दाखवितो. गवंडी भिंत पुरी झाली म्हणजे चार पावले मागे सरतो आणि सोबत्याच्या तोंडाकडे पाहतो. या सर्वांच्या मागे एकच भूक असते, आणि तिच्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. माणूस माणसांत राहतो, म्हणूनच ती त्याला लागते. बारा ते अठरा वर्षांच्या वयात तर ती विशेष तीव्र होते. कारण या वयात मुले घरच्यांच्या नजरेबाहेर पडून सोबत्यांच्या नजरेत आपली जागा शोधू लागतात.

भंडारा जिल्ह्यातील शहापूर हे नागपूर-भंडारा महामार्गावरील, धानाच्या बांध्यांच्या मुलुखातले गाव. झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात कौतुक करण्याच्या रीती पूर्वीपासून ठरलेल्या आहेत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार उभी राहते, नाटकांचे मंडप पडतात. गाणे रंगले की प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’चा पुकारा होतो. शाळेत गुरुजी वही तपासून तिच्यावर शेरा लिहितात. वाटेत भेटलेला परिचित मनुष्य ‘रामराम’ किंवा ‘जय भीम’ म्हणून पुढे जातो. या तीन गोष्टींतील भेद कोणासही शिकवावा लागत नाही. ‘वन्स मोअर’ हा समुदायाचा आनंद असतो, शेरा हे जाणत्याने केलेले परीक्षण असते, आणि रामराम ही केवळ ओळखीची खूण असते. दिवसभरात आपल्याला किती रामराम मिळाले याची बेरीज करून कोणी स्वतःची योग्यता ठरवीत नाही.

गेल्या काही वर्षांत या सर्व रीती एका तळहाताएवढ्या काचेवर एकत्र आल्या आहेत. २०१६ नंतर भारतात इंटरनेट स्वस्त झाले, आणि मोबाइल फोनबरोबर फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप ही माध्यमे शहरांप्रमाणे खेड्यांतील घरांतही पोहोचली. या माध्यमांवर छायाचित्र, चित्रफीत किंवा चार ओळींचा मजकूर ठेवला की, पाहणाऱ्यास दोन प्रकारांनी प्रतिसाद देता येतो. उभ्या अंगठ्याच्या किंवा पत्त्यांतील बदामासारख्या दिसणाऱ्या खुणेवर बोट टेकविले म्हणजे पसंती नोंदविली जाते. हिलाच सर्वजण ‘लाइक’ म्हणतात. तिच्याजवळ शब्दांत काही लिहिण्याची सोय असते; ती ‘कमेंट’, म्हणजे अभिप्राय. या दोन्हींत एक गोष्ट अगदी नवी आहे. पूर्वी कौतुक ऐकू येई आणि हवेत विरून जाई. आता ते मोजले जाते, आणि तो आकडा पुष्कळदा सर्वांस दिसेल असा मांडला जातो.

ही मोजणी कशी सुरू झाली, हे पाहण्यासारखे आहे. फेसबुक हे माध्यम २००४ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले. त्यावर लाइकची खूण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आली. कोणी आनंदाची बातमी लिहिली की तिच्याखाली ‘अभिनंदन’, ‘छान’ असे एकाच अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा लिहिले जात. ते श्रम वाचावेत, हा या खुणेमागील एक हेतू होता. यूट्यूबवर त्यापूर्वी पाहणाऱ्याने एकपासून पाचपर्यंत तारे द्यावेत अशी पद्धत होती. चांगले, मध्यम, सामान्य असा भेद लोक करतील, अशी ती योजना करणाऱ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी पाचच्या पाच तारे दिले. तेव्हा २०१० मध्ये ही पद्धत बंद करून तेथेही अंगठ्याची खूण आणण्यात आली. यावरून एक गोष्ट दिसून येते. परीक्षा घ्या असे सांगितले, तरी माणसे या ठिकाणी परीक्षा घेत नाहीत. ती बहुधा सौजन्य दाखवितात.

किशोरवयीन मुलामुलींस ही गोष्ट पुस्तकाशिवाय कळलेली असते. त्यांच्या व्यवहारात लाइकचा अर्थ ‘हे मला आवडले’ एवढाच क्वचित असतो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘मी हे पाहिले’ असा असतो. कधी ‘मी तुझ्या बाजूचा आहे’ असा असतो. जिवलग मैत्रिणीचे छायाचित्र पुरते न पाहताही त्यावर लाइक दिला जातो, कारण तो छायाचित्राला नसून मैत्रीला असतो. उलट, नेहमी लाइक देणाऱ्याने तो दिला नाही, तर त्यातूनही निरोप पोहोचतो; काल शाळेत झालेले भांडण अजून मिटलेले नाही, हे न बोलता समजते. कोणी एखाद्याचे दोन वर्षांपूर्वीचे छायाचित्र शोधून त्यावर लाइक दिला, तर याने आपली सारी पाने उलटून पाहिली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. एका खुणेचे इतके अर्थ मुले सहज वाचतात. ही त्यांची भाषाच आहे, आणि वडीलधाऱ्यांनी तिला पोरखेळ म्हणून झिडकारणे योग्य नाही.

या व्यवहाराला जवळची उपमा शोधावयाची, तर ती लग्नातील आहेराची होय. लग्नघरी आलेला आहेर वहीत टिपून ठेवतात. कोणी काय दिले हे पाहून, त्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे त्याची परतफेड करतात. आहेराच्या रकमेवरून नवऱ्या मुलाचे गुण कोणी ठरवीत नाही. गोतावळा किती मोठा आणि देणेघेणे किती जुने, एवढेच तिच्यावरून कळते. लाइकचेही असेच आहे. ज्याने आपल्याला दिला त्याला द्यावा लागतो. ज्याचा गोतावळा मोठा, त्याच्याकडे अधिक जमतात. हा आहेर आहे असे जोवर लक्षात असते, तोवर त्यात फारसे बिघडत नाही.

बिघडते ते पुढे. आहेराची वही घरात राहते. लाइकचा आकडा मात्र अंगावर लिहिल्यासारखा मिरवतो. आणि आकड्याचा एक स्वभाव आहे. शाळेत पहिल्या इयत्तेपासून मुलांनी आकडा पाहिला तो गुणपत्रिकेत. सोळापेक्षा साठ मोठे, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. त्यामुळे रामराम म्हणून दिलेली खूण बेरजेनंतर गुणांसारखी दिसू लागते. देताना मूल तिला आहेर समजते, घेताना मात्र तीच खूण त्याला निकाल वाटते. जे मूल मैत्रीखातर न पाहता लाइक देते, तेच स्वतःस कमी लाइक मिळाले म्हणजे आपले काम कमी प्रतीचे ठरले असे मानते. या घोटाळ्यात या विषयातील बहुतेक दुःखाचे मूळ आहे.

समजा, शहापुरातील नववीच्या वर्गातील एका मुलीने रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या पाण्यात पडलेल्या आभाळाचे छायाचित्र काढले. त्यासाठी ती अर्धा तास बांधावर थांबली, ढग बाजूस सरण्याची वाट पाहिली, आणि रोवणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी त्या आभाळात नेमक्या कोठे याव्यात याचा विचार केला. तिला चौदा लाइक मिळाले. त्याच संध्याकाळी तिच्या वर्गातील एका मुलाने नवा सदरा घालून आरशापुढे काढलेले छायाचित्र ठेवले. त्याला नव्वद मिळाले. मुलाचे मित्र पुष्कळ, आणि त्यांतील प्रत्येकाचे त्याच्याशी देणेघेणे. नव्वद या आकड्याचा एवढाच अर्थ. परंतु मुलीने त्यातून असा निष्कर्ष काढला की, छायाचित्रण आपल्याला जमत नाही, आणि रात्रीच तिने ते चित्र काढून टाकले, तर नुकसान कोणाचे झाले? अपेक्षेइतका आकडा आला नाही म्हणून आपले चित्र वा मजकूर पुसून टाकणारी मुले सर्वत्र आढळतात. पुसले जाते ते केवळ चित्र नसते. पाहण्याची एक नुकती उमलू लागलेली दृष्टीही त्याबरोबर मिटण्याचा संभव असतो.

आकडा मनावर कसा चालतो, याचा शास्त्रज्ञांनी शोध घेतला आहे. अमेरिकेतील लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तेरा ते अठरा वर्षे वयाच्या ३२ मुलामुलींवर एक प्रयोग करण्यात आला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर छायाचित्रे दाखविण्यात आली, आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील हालचाल यंत्राने टिपण्यात आली. छायाचित्रांखालील लाइकचे आकडे खरे नव्हते. ते संशोधकांनीच घातले होते. एकच छायाचित्र काही मुलांना पुष्कळ लाइकसह आणि काहींना थोड्या लाइकसह दाखविले गेले. ज्या चित्राखाली मोठा आकडा होता, त्याला मुलांनी अधिक वेळा पसंती दिली. चित्र धूम्रपानासारख्या घातक गोष्टीचे असले तरी हा कल दिसून आला. स्वतःच्या छायाचित्राखाली मोठा आकडा दिसला, की मेंदूतील सुखाची जाणीव देणारा भाग विशेष जागृत होई. म्हणजे डोळे चित्राकडे असले, तरी मन आकड्याकडे होते.

हा दोष केवळ कोवळ्या वयाचा आहे, असे मात्र नाही. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी एक लाखाहून अधिक अभिप्रायांवर प्रयोग केला. तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही अभिप्राय कसलीही निवड न करता उचलून, ते प्रसिद्ध होताच त्यांना संशोधकांनी एक एक पसंती देऊन टाकली. या एका खोट्या पसंतीमुळे पुढच्या पहिल्या वाचकाने पसंती देण्याचा संभव ३२ टक्क्यांनी वाढला, आणि अखेरीस त्या अभिप्रायांचे मूल्यांकन सरासरीने २५ टक्के अधिक झाले. मजकुरात एका अक्षराचाही फरक नव्हता. एक मेंढरू पुढे गेले की बाकीची त्याच्यामागे जातात, तसा हा प्रकार होय. मोठ्या आकड्यात पुष्कळांचे मत असते असे वाटते. वस्तुतः त्यात पुष्कळदा थोड्यांचे मत आणि बाकीच्यांचे अनुकरण असते.

या मोजणीत आणखी एकाचा हितसंबंध असतो, तो म्हणजे माध्यम चालविणाऱ्या कंपनीचा. ही माध्यमे वापरणाऱ्याकडून सामान्यतः पैसे मागत नाहीत. त्यांचे मोठे उत्पन्न जाहिरातींचे असते. माणूस जितका वेळ पडद्यापुढे बसेल, तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून कोणी कशाला लाइक दिला, कोठे अभिप्राय लिहिला, कोणत्या चित्रावर किती वेळ नजर ठेवली, याची नोंद यंत्रे ठेवतात, आणि पुढे काय दाखवावयाचे हे त्यावरून ठरवितात. दिलेला लाइक मित्राला पोहोचतो खरा, परंतु देणाऱ्याच्या आवडीनिवडीची नोंदही त्याच क्षणी दुसरीकडे होते. ज्या मजकुरावर प्रतिसाद अधिक, तो पुष्कळदा अधिकांपुढे ठेवला जातो. तेथे त्याला आणखी प्रतिसाद मिळतो. मोठा आकडा अशा रीतीने स्वतःच स्वतःला वाढवितो. त्यावरून गुणवत्तेचे माप काढू पाहणे, हे हलत्या तराजूवर धान तोलण्यासारखे आहे.

लाइकपेक्षा अभिप्रायाची गोष्ट वेगळी. खूण मुकी असते. शब्दाला अर्थ असतो, आणि म्हणून जबाबदारीही असते. मुलांच्या अभिप्रायांत ‘भारी’, ‘एक नंबर’ असे ठरीव शब्द किंवा हसऱ्या चेहऱ्याच्या खुणा पुष्कळ आढळतात. ते लाइकचेच भाऊबंद होत. त्यांचाही अर्थ ‘मी येथे येऊन गेलो’ एवढाच. परंतु त्याच जागी थट्टाही चालते, आणि तेथे फसगत होते. पारावर बसलेल्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ‘काय रे बुटक्या’ म्हटले, तर तोही हसतो. कारण हाताचा स्पर्श, आवाजातील माया आणि तोंडावरील हसू हे सर्व त्या शब्दाबरोबर पोहोचते. तोच शब्द छायाचित्राखाली लिहिला की स्पर्श गळतो, आवाज गळतो, हसू गळते. उरतो तो केवळ शब्द. तो एकटा मित्रच वाचीत नाही. त्याचे नातलग, वर्गातील मुली, परगावचे अनोळखी लोक, सर्वजण वाचतात. पाचजणांनी त्यावर हसण्याची खूण केली, की थट्टेचे रूपांतर छळात होण्यास वेळ लागत नाही. पाचांपैकी प्रत्येकाला वाटते, आपण केवळ एक बोट टेकविले. ज्याच्या वाट्यास ती थट्टा येते, त्याला मात्र ती एकत्र येऊन लागते. लिहिलेले नंतर पुसले, तरी तोपर्यंत कोणीतरी पडद्याचे चित्र घेऊन ठेवलेले असू शकते.

लाइकचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा पोलीस ठाण्यापर्यंत गेला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिला. दोघींनाही अटक झाली. त्यांची लवकरच जामिनावर सुटका झाली, देशभर या अटकेवर टीका झाली, आणि पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ या कलमाचा अशा प्रकरणांत आधार घेतला जाई, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नागरिकाच्या मतस्वातंत्र्याचे संरक्षण या निकालाने केले. त्याबरोबरच या घटनेने एक गोष्ट सर्वांच्या नजरेस आणली. मित्रामित्रांत जी खूण रामरामासारखी दिली जाते, ती अनोळखी माणसास सहीसारखी दिसू शकते. धमकी, बदनामी, छळ यांविषयीचे इतर कायदे आजही लागू आहेत. म्हणून शब्द लिहिताना सावध असावे, आणि दुसऱ्याच्या शब्दास पसंती देतानाही तो पुरता वाचावा, हे बरे.

आकड्यामुळे होणारी हानी माध्यमांच्या चालकांच्याही लक्षात आली. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये प्रथम कॅनडात आणि नंतर इतर काही देशांत लाइकचा एकूण आकडा इतरांपासून झाकून ठेवण्याचा प्रयोग केला. २०२१ च्या मे महिन्यात तो आकडा झाकावा की दाखवावा, हे ठरविण्याची मुभा त्याने सर्वांस दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा लोकांस दाखविणे बंद केले. शासनेही जागी झाली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अनेक मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. भारताने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. तथापि आकडा झाकला म्हणून आकड्याची ओढ संपत नाही. कायदा दार लावू शकतो. आत काय मोलाचे आणि काय नाही, हे ओळखणे ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

ते शिकणे फारसे अवघड नाही. त्यासाठी खूण आणि शब्द यांचे मोल वेगवेगळे धरले पाहिजे. लाइक मिळाला, तर तो रामराम समजून आनंदाने घ्यावा आणि आपणही मोकळ्या मनाने द्यावा. परंतु त्याची बेरीज करू नये. आपले काम कसे झाले हे खरोखर जाणून घ्यावयाचे असेल, तर त्या कामातले ज्याला कळते त्याच्याकडे जावे. छायाचित्र काढणाऱ्या त्या मुलीला चौदा अंगठ्यांनी काही सांगितले नाही, आणि नव्वद अंगठ्यांनीही काही सांगितले नसते. ‘आभाळ छान आले आहे, पण क्षितिज किंचित तिरपे झाले आहे, पुढच्या वेळी फोन सरळ धर’, एवढा एकच शेरा तिला पुढच्या बांधावर घेऊन गेला असता. त्या शेऱ्यात दोष दाखविलेला आहे, तरी तोच खरा आदर होय. कारण तो लिहिणाऱ्याने चित्र पुरते पाहिलेले आहे.

असा शेरा मिळावा असे वाटत असेल, तर तो इतरांस देण्याची सवय ठेवली पाहिजे. सोबत्याच्या कवितेखाली ‘भारी’ असे लिहून पुढे जाण्यापेक्षा, तिच्यातील कोणती ओळ का आवडली हे एका वाक्यात लिहिणे अधिक मोलाचे असते. चूक दाखवावयाची असेल, तर ती चारचौघांत न दाखविता एकट्याला कळवावी. एखाद्याच्या छायाचित्राखाली त्याचा पाणउतारा चालला असेल, तर त्यात आपले बोट मिसळू नये. उलट त्याला वेगळा निरोप पाठवून धीर द्यावा. छळ थांबत नसेल, तर तो मुकाट्याने सोसू नये; पालकांस किंवा शिक्षकांस सांगावे. संकटातील मुलांसाठी १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कोणत्याही वेळी मदत मिळते.

मंडईत दंडार पाहावयास शेकडो लोक जमतात आणि टाळ्याही पुष्कळ वाजतात. त्या टाळ्यांनी नाचणाऱ्याला हुरूप येतो, यात शंका नाही. परंतु त्याचे पाऊल ज्याने घडविले, तो एखादा म्हातारा झिलकरी गर्दीच्या कडेला बसलेला असतो. टाळ्या थांबल्यावर नाचणारा त्याच्याकडेच पाहतो.